वाट थोडी वाकडी करून

प्रवासाला निघायचं ठरलं की पुरुषमंडळींचा प्रवास गाडीत बसल्यावर सुरू होतो. आपला मात्र आदल्या रात्रीच सुरू झालेला असतो. पुऱ्या तळायच्या, चिवड्याचा डबा भरायचा, पाण्याच्या बाटल्या, सासूबाईंची औषधं, धाकट्याचा स्वेटर, ज्यांच्याकडे जायचं त्यांच्यासाठी फराळाचा वेगळा डबा, दूधवाल्याला निरोप, शेजारच्या वहिनींकडे किल्ली. एवढं सगळं उरकून आपण गाडीत बसतो तेव्हा डोक्यात एकच घोळत असतं, आता हे सगळं वेळेवर पोचू दे म्हणजे झालं. मग वाटेत कुणी म्हटलं, "जरा इकडे वळू या का?" की सगळ्यांत आधी "नको बाई, उशीर होईल" हे आपल्याच तोंडून निघतं.

त्यात नवल काही नाही. उशीर झाला तर बोल कुणाला लागतो? गाडी चालवणाऱ्याला नाही. "निघतानाच हिचं आवरलं नसेल" हे वाक्य पोचल्यावर ऐकायला तयारच असतं. निवलेलं जेवण पुन्हा गरम करायला कोण उठतं, पेंगुळलेलं पोर खांद्यावर कोण घेतं, हेही आपल्याला ठाऊक असतं. घड्याळ भिंतीवर असलं तरी घरातल्या वेळेची राखण बाईकडे असते. म्हणूनच ठरलेला रस्ता सोडायला बाई बिचकते.

आपल्या भाषेत मात्र या वाटेची मोठी गंमत आहे. "अमक्याचा मुलगा वाकड्या वाटेला लागला" म्हटलं की आईच्या काळजात धस्स होतं. आणि "आमच्यासाठी वाट वाकडी करून आलात हो" म्हटलं की पाहुण्याचा मान वाढतो. शब्द जवळजवळ तेच. पण पहिल्यात वाट चुकलेली असते, दुसऱ्यात ती कुणासाठी तरी मुद्दाम वळवलेली असते. आज लिहिते आहे ते या दुसऱ्या वाटेबद्दल.

गेल्या दिवाळीत आम्ही नागपूरहून गोंदियाला निघालो होतो. माझी नणंद तिथे असते, भाऊबीज तिच्याकडे. गाडीत आम्ही पाच जण. चालवायला आमचे हे, शेजारी सासूबाई, मागे मी, कॉलेजातली लेक आणि आठवीतला मुलगा. वन्संचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. "बारा वाजता ओवाळणार, साडेबाराला पानं मांडणार. उशीर करायचा नाही."

नागपूरहून गोंदियाला जायला दोन रस्ते. एक भंडारा, तुमसर, तिरोडा असा. दुसरा ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गानं भंडारा, साकोली करत कोहमाऱ्यापर्यंत, आणि तिथून डावीकडे वळून गोरेगाववरून. यांना महामार्ग आवडतो, म्हणून आम्ही कोहमाऱ्याला आलो आणि नेहमीप्रमाणे चहाला थांबलो. कोहमारा ही मोठी मजेची जागा आहे. सरळ गेलं की देवरी आणि पुढे छत्तीसगड, डावीकडे गोंदिया, उजवीकडे नवेगावबांध आणि अर्जुनी-मोरगाव. कपबशी हातात घेऊन सासूबाई बराच वेळ उजवीकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हा रस्ता आमच्याकडे जातो."

माझं लग्न झाल्यापासून "आमच्याकडे" म्हणजे आमचं नागपूरचं घर, हेच मी त्यांच्या तोंडून ऐकत आले. "आमच्याकडे कांदा चालत नाही", "आमच्याकडे गौरी उभ्याच्या असतात." त्या दिवशी पहिल्यांदा "आमच्याकडे" म्हणजे त्यांचं माहेर होतं.

नवेगावबांधच्या पलीकडे त्यांचं लहानसं गाव आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ला, पण माहेरचा जिल्हा विचारला तर सासूबाई अजून भंडाराच सांगतात. आई-वडील कधीच गेले. पाठचा एकुलता एक भाऊ बारा वर्षांपूर्वी गेला. भाचे नोकरीच्या गावी स्थायिक झाले, शेत आणि घर विकलं गेलं. मग जायचं कुणाकडे? ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबिजेला चंद्राला ओवाळावं, अशी आपल्यात रीत आहे. गेली बारा वर्षं सासूबाई भाऊबिजेच्या संध्याकाळी निरांजन घेऊन गच्चीत जातात आणि दोन मिनिटांत खाली येतात. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

"किती लांब आहे आई, इथून?" लेकीनं विचारलं.

"नवेगाव वीस-पंचवीस किलोमीटर असेल. तिथून पुढे थोडं."

हे घड्याळाकडे बघत म्हणाले, "परतताना जाऊ, आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

मैत्रिणींनो, हे "बरं" तुमच्याही ओळखीचं असेल. साडी नको म्हणताना, माहेरचा मुक्काम एका दिवसानं कमी होताना, आपण सगळ्याच ते म्हणतो. परतताना तिरोड्याच्या रस्त्यानं जायचं आधीच ठरलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आत्ताच वळू या. वन्संना मी सांगते."

हे क्षणभर बघतच राहिले. वेळेची राखण करणारीनंच फाटक उघडलं म्हटल्यावर त्यांना बोलायला जागा उरली नाही.

फोन काही सोपा नव्हता. "अगं, पुरणाचा घाट घातलाय मी!" वन्सं म्हणाल्या. मी सांगितलं, "तुम्ही सगळे जेवून घ्या, आम्ही चार-साडेचारला येतो. आईंच्या माहेरी चाललोय." तिकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग "बरं" म्हणून फोन ठेवला गेला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या होत्या. हलका धान कापून कडपा पसरलेल्या, भारी धान अजून उभा. धुऱ्यांवर तुरीची रांग. गोंदिया तांदळाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे हे आपण भूगोलात वाचतो, पण तो तांदूळ येतो कुठून, ते या रस्त्यावर दिसतं. सासूबाई काच खाली करून बसल्या आणि बोलू लागल्या. एरवी गाडीत त्यांना मळमळतं म्हणून त्या डोळे मिटून असतात.

नवेगावला तलावाच्या बांधावर आम्ही उतरलो. एवढं पाणी बघून मुलगा म्हणाला, "हे धरण कुणी बांधलं?" सासूबाईंनी त्याला सांगितलेली गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होते. कोलू पाटील नावाच्या कोहळी समाजाच्या माणसानं हा बांध घातला. भोवतीचे सात डोंगर म्हणजे सात बहिणी. बांध पुरा करायला त्या सात बहिणींनी हात लावला, म्हणून तो टिकला. कोलू पाटलाला पुढे लोकांनी देव मानलं, कोलासूर म्हणून डोंगरावर त्याचं ठाणं आहे. घरी आल्यावर लेकीनं शोधलं, तर इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्येही हीच कथा नोंदलेली सापडली आणि बांधाचा काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा दिलेला. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं हे काम. बारा वर्षं चंद्राला ओवाळणारी बहीण भाऊबिजेच्या दिवशी त्या बांधावर उभी राहून सात बहिणींची गोष्ट सांगत होती. आम्ही कुणी काही बोललो नाही.

या भागातल्या गावोगावी असे लहानमोठे तलाव आहेत, त्यातले पुष्कळसे कोहळ्यांनी बांधलेले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि थोडक्यात 'मामा तलाव'. मुलाला हे नाव फार आवडलं. "म्हणजे बाबांच्या मामाचा तलाव!" तो म्हणाला. सासूबाई हसल्या.

नवेगावचं रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१३ साली नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली वन खात्याच्या नोकरीत इथे राहिले, आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. जून २०२५मध्ये ते सोलापूरला वारले, तेव्हा वर्तमानपत्रांतून या तलावाचं नाव पुन्हा सगळीकडे आलं. माझ्या लेकीनं त्यांची पुस्तकं वाचली आहेत. आपल्या आजीचं माहेर त्याच मुलखातलं आहे, हे मात्र तिला त्या दिवशी कळलं.

पुढे गाव आलं. गावात शिरलो तर रस्त्यावर गर्दी. मंडई होती! ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाजीच्या मंडईशी या मंडईचा संबंध नाही. दिवाळीनंतर या भागात गावोगावी एक दिवसाची जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. आज या गावची, उद्या त्या गावची, अशी ती चालते. दिवसा दुकानं, पाळणे, गोवाऱ्यांचे नाच, दंडार. रात्री मंडप घालून पहाटेपर्यंत नाटक. घराघरात पाहुणे असतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, आणि उपवर मुलामुलींची स्थळंही याच गर्दीत बघितली जातात. आम्ही पोचलो तेव्हा ती भरत होती. बांगडीवाल्या बायका टोपल्या मांडत होत्या, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागले होते, आणि खांबावर रात्रीच्या नाटकाचा मोठा फलक होता.

सासूबाई आधी घराकडे गेल्या. जुनं मातीचं घर जाऊन तिथे स्लॅबचं झालं होतं. अंगणातली विहीर तेवढी तीच होती. सासूबाई फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. आतून तिशी-पस्तिशीची एक बाई हात पुसत बाहेर आली. "कोन पायजे वं माय?" सासूबाई म्हणाल्या, "कोणी नाही बाई. हे माझं माहेर होतं. विहीर बघून जाते."

त्या बाईनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. घर घेणाऱ्याच्या सुनेला विकणाऱ्याच्या आत्याशी काय घेणं? पण तिनं फाटक उघडलं, आत नेलं, बाज टाकली. आणि आम्ही निघालो तेव्हा कुंकवाची कोयरी, तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन आली. "माहेरवासीन अशी रिकामी जाते का?" म्हणाली आणि तिनं सासूबाईंची ओटी भरली. सासूबाईंनी वन्संसाठी आणलेला करंज्यांचा डबा काढून तिच्या पोरांच्या हाती दिला. त्या दोघींत एवढंच झालं. पण नागपूरहून गोंदियाला वेळेवर पोचलो असतो, तर ही ओटी कुणी भरली असती?

मंडईत पुन्हा एक आजी भेटल्या. त्यांनी सासूबाईंना बघितलं, थांबल्या, जवळ आल्या आणि भावाचं नाव घेऊन म्हणाल्या, "त्याची बहीन ना वं तू?" मग दोघी दुकानाच्या फळीवर बसल्या आणि बोलणं सुरू झालं. त्यातून आम्हाला कळलं की आमचे मामेसासरे दंडारीत बाईचं काम करायचे. दंडारीत बायकांची सोंगं पुरुषच घेत. मामा ठेंगणे, गोरे, आवाज गोड. आणि नेसायला लुगडं घ्यायचे ते आपल्या बहिणीचं! एकदा नवं कोरं लुगडं चिखलानं भरून आणलं म्हणून सासूबाईंनी त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला होता. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या यांनी मामा पाहिले ते शेतात राबणारे, गंभीर. आपल्या मामाला लोक टाळ्या वाजवत, हे वयाच्या पन्नाशीत त्यांना पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी त्या आजींना एकामागून एक प्रश्न विचारले. घड्याळ त्या वेळात एकदाही बघितलं नाही.

"जेवून जाजो वं बाई," आजी म्हणाल्या. पण तेवढा वेळ खरंच नव्हता. डब्यातल्या पुऱ्या आम्ही गाडीत खाल्ल्या आणि पाचच्या सुमाराला गोंदियाला पोचलो.

आता इथे कुणी म्हणेल, वा, सगळं गोड झालं! तसं झालं नाही. वन्संनी ओवाळलं, वाढलं, पण रात्रीपर्यंत त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. मला वाटलं, निवलेल्या पुरणपोळ्यांचा राग असेल. झोपायच्या वेळी त्या आईजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विहिरीवरचा तो फुटका रहाट आहे का गं अजून?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मामाच्या घरी माझेही सुट्ट्यांतले दिवस गेलेत. मला सोडून गेलात तुम्ही." त्यांचा राग जेवणाचा नव्हता. आणि तो रास्त होता. वळलेल्या वाटेची किंमत कुणीतरी भरत असतं, ती आपण दर वेळी नुसत्या उशिरात मोजतो. त्या रात्री माय-लेकी बारापर्यंत बोलत बसल्या. पुढच्या मंडईला दोघींनी मिळून जायचं ठरलं आहे.

दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करायची पाळी लेकीची होती. तिला सारस बघायचे होते. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडे भंडाऱ्यात उरले आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. जोडीनं राहतो आणि जोडी सहसा सोडत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच तो काड्या-गवताचं घरटं करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. म्हणजे त्याचं जगणं सर्वस्वी शेतकऱ्याच्या हातात. घरट्यापुरतं धान मोडतं, ते नुकसान सोसून इथले कितीतरी शेतकरी घरट्याची राखण करतात. सारस वाचवण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही स्वतःहून हाती घेतला.

आम्ही परसवाड्याच्या तलावाकडे गेलो. या खेपेला वन्संही गाडीत होत्या, दाटीवाटीनं. दोन तास बांधावर बसलो. सारस काही दिसला नाही. बगळे दिसले, बदकं दिसली, दूर कुठेतरी एक मोठी हाक ऐकू आली आणि लेक उठून उभी राहिली, तेवढंच. तिचा चेहरा पडला. शेजारच्या बांधीत धान कापणाऱ्या एका शेतकऱ्यानं हात दाखवून सांगितलं, "यंदा तिकडं होतं घरटं. एक पिल्लू मोठं झालं." तिनं त्या रिकाम्या बांधीचा फोटो काढून घेतला.

हेही मुद्दाम लिहिते आहे, कारण वाट वाकडी केली की दर वेळी काही सापडतंच असं नाही. कधी देऊळ बंद असतं, कधी धबधबा आटलेला, कधी सारस दुसऱ्या तलावावर गेलेला. पण लेकीच्या शब्दाखातर घरातली सहा माणसं दोन तास उन्हात बसली, हे तिनं पाहिलं. तिच्या शब्दाला घरात वजन आहे, हे तिला सारस दिसला असता तरी याहून जास्त काय कळलं असतं?

गोंदियाच्या बाजूला जाणाऱ्यांना वळण्याजोग्या जागा पुष्कळ आहेत. नवेगावच्या पुढे गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच बाजूला प्रतापगडाच्या डोंगरावर महादेवाचं स्थान आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. आणि तिथून जवळच १९७२ साली वसलेली तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात आपण शहरांतून तिबेटी बायकांकडून स्वेटर घेतो ना, तशा कितीक घरांचे पत्ते या धानाच्या मुलखात आहेत. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या मोठमोठ्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाचे भाविक दूरदूरच्या राज्यांतून येतात. जवळच दरेकसा स्टेशनपासून हाजरा फॉल आहे, रेल्वेतून जाताना तो खिडकीतूनही दिसतो. तिरोड्याकडून आलात तर बोदलकसा आणि चोरखमारा हे तलाव आहेत. यातलं एकही ठिकाण 'बघायलाच पाहिजे' म्हणून मी सांगत नाही. यादी पुरी करायला निघालं की ती पुन्हा सरळ वाटच होते.

आता थोडं घरगुती बोलू या. अशा प्रवासाची सोय आपल्यालाच करायची असते, तर ती डोळसपणे करावी.

पहिलं म्हणजे, ज्यांच्याकडे जायचं त्यांना घड्याळाचा काटा देऊ नये. "बारा वाजता येतो" म्हणण्यापेक्षा "दुपारनंतर येतो, जेवायला थांबू नका" असं सांगावं. यजमानीणबाईचाही जीव त्यानं भांड्यात पडतो. लग्नमुहूर्त, दवाखाना, परीक्षा असेल तर मात्र वळायचंच नाही. आणि वळताना कुणाला मागे सोडून जातो आहोत का, हे आधी मनाशी बघावं. त्या माणसाला एक फोन करावा आणि खरं कारण सांगावं.

दुसरं, डबा असा हवा की दोन-चार तास उशीर झाला तरी तो विटू नये. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, गूळ. दहीभात, ओल्या नारळाची चटणी घेऊ नये. पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्यावं. एक जुनी चादर, एक पंचा, आणि औषधांची पिशवी डिकीत न टाकता हाताशी. शिवाय नारळ, साखरेचा पुडा असं काहीतरी जास्तीचं ठेवावं. अनोळखी घरी पाणी प्यायलो तर रिकाम्या हातानं उठावं लागत नाही.

तिसरं, रस्ता विचारायचा तो चहाच्या टपरीवर नाहीतर विहिरीवरच्या बाईला. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो, पण आज मंडई कुठे आहे, कोणत्या नाल्यावर पाणी आहे, हे तो सांगत नाही.

चौथं, काही वाटांना वळायचंच नाही. व्याघ्र प्रकल्पात प्रवेशाला परवाना लागतो आणि वेळा ठरलेल्या असतात, तिथे आडवाटेनं शिरू नये. रानातल्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत बाहेर पडावं. पावसाळ्यात धबधब्याखाली आणि धरणाच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. गाडी चालवणारा दमला असेल तर त्याच्या "नको" पुढे कुणाचंही चालू नये.

आणि शेवटचं. आमच्या घरी आता एक रीत पडली आहे. प्रत्येक प्रवासात एकाची पाळी. ज्याची पाळी, त्यानं एकदा "थांबवा" म्हणायचं, आणि कारण कुणी विचारायचं नाही. यांनी परवा पाळी घेतली ती एका जुन्या मित्राच्या दारात पाच मिनिटं उभं राहण्यासाठी. मुलानं घेतली ती रेल्वेच्या फाटकावर मालगाडीचे डबे मोजण्यासाठी. सासूबाईंना पाळी लागत नाही, त्यांना वाटेल तेव्हा गाडी थांबते.

आपली पाळी आली म्हणजे खरी परीक्षा. "मला काही नको बाई, तुम्हीच सांगा," असं म्हणायची आपल्याला इतकी सवय असते की कुणी खरंच विचारलं तर उत्तर सुचत नाही. म्हणून पुढच्या प्रवासाची तयारी करताना, पुऱ्या तळता तळता, तेवढा एक विचार करून ठेवा. आपल्याला कुठे वळायचं आहे, ते विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे.